क्लच किती तगडा हवा?

गाडीची ताकद वाढवणाऱ्या पोरांशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. इंजिनबद्दल ती तासभर बोलतील, टर्बोबद्दल दोन तास. क्लचचा विषय निघाला की मात्र एका वाक्यात निकाल : "सगळ्यात तगडा टाकायचा." मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, मेकॅनिक नाही. पण हा प्रश्न आमच्या घरातच आला आणि त्यानिमित्ताने एका उस्तादाच्या गॅरेजात बसून जे शिकायला मिळालं, ते इथे मांडतो. गाडीचा नाद असलेल्यांना उपयोग होईल. नसलेल्यांनाही कदाचित होईल.

माझ्या भाच्याकडे 2020 ची पोलो टीएसआय आहे. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. कंपनीचे आकडे 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर. सहा गिअर, हाताने टाकायचे. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याने इंजिनचं रिमॅपिंग करून घेतलं. ट्यूनरने दिलेल्या कागदावर टॉर्क 235. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही ड्रॅग रेस होते. तिथे एकदा तरी पाव मैल, म्हणजे 402 मीटर, गाडी पळवायची हे त्याचं स्वप्न.

मात्र ही गाडी एकट्या त्याची नाही. महिन्यातले पंधरा दिवस तो सोलापुरातून काम करतो, तेव्हा गाडी आमची आपा चालवते. दुलाभाईंना अर्धांगवायू झाल्यापासून आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यावं लागतं. विजापूर वेस, सात रस्ता, आसरा चौक असा तिचा रस्ता. आपा पन्नाशी ओलांडलेली, डाव्या गुडघ्याने बेजार. एकाच क्लचवर दोन पाय आहेत, आणि दोघांच्या गरजा वेगळ्या.

रिमॅपिंगनंतर चारेक महिन्यांत क्लच सरकायला लागला. तपासायची रीत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनचे आरपीएम झपकन वर गेले आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, की क्लच स्लिप होतोय. सोबत जळका वास येतोच. भाच्याने लगेच मोबाइलवर एक सेट शोधून ठेवला : पितळी रंगाच्या सहा ठोकळ्यांची सिरॅमिक प्लेट, 'स्टेज थ्री'. किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी.

उस्तादांनी तो फोटो पाहिला, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जुनी क्लच प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, ही प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. ती किती ताकद पेलणार, हे चारच गोष्टींवर ठरतं. दाब किती, फेसिंगचा माल कोणता, प्लेट केवढी, आणि प्लेटा किती." नंतर मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पाहिलं. घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. दहावीनंतर शाळा सुटलेल्या माणसाने सूत्र जसंच्या तसं सांगितलं होतं, चिन्हांशिवाय.

या चारांपैकी काहीही वाढवा, क्षमता वाढते. पण प्रत्येकाचं मोल कुठेतरी चुकवावं लागतं.

दाब वाढवायचा तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक करावी लागते. तेवढं पेडल जड होतं, आणि पेडल दाबलेलं असताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही भार वाढतो. सिरॅमिक माल घेतला तर पकड जबर, उष्णताही सोसतो. पण तो अलगद धरत नाही. एकतर धरतो किंवा सोडतो. हाफ क्लचवर गाडी झटके खाते. केव्हलार खूप टिकतो, पण तो बसायला वेळ लागतो आणि एकदा अतिशय तापून गुळगुळीत झाला की पुन्हा पहिल्यासारखा धरत नाही. कंपनीच्या गाड्यांत असतं ते ऑरगॅनिक फेसिंग सगळ्यात नरम वागतं. फार तापलं की मात्र पकड सोडतं. प्लेट मोठी करायला जागा नसते. दोन प्लेटांचा क्लच चांगला, पण खर्च रस्त्यावरच्या गाडीला न पेलणारा.

'स्टेज वन, टू, थ्री' या शब्दांना काही ठरलेलं माप नाही. प्रत्येक विक्रेत्याचं वेगळं. म्हणून विचारायचं ते एवढंच : हा सेट किती न्यूटन मीटर पेलतो? आपल्या इंजिनच्या टॉर्कच्या सव्वापट धरला तर पुरे. 235 ची सव्वापट म्हणजे 300 च्या आतबाहेर. भाच्याने पाहिलेला सेट 450 चा होता.

"जास्त असला तर बिघडलं कुठे, मामू?" भाच्याने मला विचारलं. उत्तर उस्तादांनी दिलं : "ताकत कहीं तो जाएगी, बेटा. क्लच नहीं खाया तो गिअर खाएगा."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. क्लच हा साखळीतला मुद्दाम सरकू दिलेला दुवा. अचानक झटका बसला तर थोडा सरकून तो स्वतः झिजतो आणि गिअरबॉक्सचे दाते, ड्राइव्हशाफ्ट, इंजिनची माउंटिंग वाचवतो. त्याला अजिबात सरकू द्यायचं नाही असं ठरवलं, तर तो झटका पुढे जातो. क्लच प्लेट बदलता येते. गिअरबॉक्स उघडावा लागला तर खर्चाचा हिशेबच वेगळा.

शेवटी उस्तादांनी आपाला बोलावलं. एका दुसऱ्या गाडीत कडक प्रेशर प्लेट बसवलेली होती, तिचं पेडल तिला दहा वेळा दाबायला लावलं. सहाव्या वेळी तिने गुडघ्यावर हात ठेवला. भाचा ते पाहत होता. त्याला कुणी काही म्हणालं नाही. सिरॅमिकचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

ठरलं ते असं : कंपनीपेक्षा थोडी कडक प्रेशर प्लेट, पूर्ण गोल ऑरगॅनिक फेसिंग, मध्ये स्प्रिंगा असलेली प्लेट. तीन सिलिंडरच्या इंजिनची थरथर त्या स्प्रिंगा पिऊन टाकतात. हलकं फ्लायव्हील नाही, कारण त्याने आरपीएम झटकन चढतात, पण सिग्नलवरून निघताना गाडी बंदही पटकन पडते. एकदा गिअरबॉक्स खाली उतरवलाच आहे, तर रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सीलही बदलून घेतलं. पुन्हा तीच मजुरी नको. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले आहेत का, तेही पाहिलं. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावलं ते अगदी बोटभर, कारण जास्त झालं की ते उडून फेसिंगवर जातं आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी सरकतो.

पहिले 800 किलोमीटर गाडी शहरातच, हळू चालवायची, अशी उस्तादांची सक्त ताकीद होती. नवं फेसिंग गावातल्या थांबत-निघत चालण्यातच नीट बसतं. हायवेवर क्लच वापरलाच जात नाही. ते किलोमीटर आपाने पूर्ण केले. म्हणजे रेसच्या गाडीचा क्लच फिजिओथेरपीच्या फेऱ्यांनी तयार झाला.

एक गोष्ट भाच्याला मी वेगळी सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. इंजिनमधल्या बदलाबद्दल विमा कंपनीला सांगितलं नसेल, तर अपघाताच्या वेळी तोच मुद्दा आडवा येऊ शकतो. त्या गाडीत आई-वडील बसतात. कागद आधी, धावपट्टी नंतर. त्याने विमा कंपनीला पत्र लिहिलं आहे. उत्तर येईपर्यंत व्हॅली रनचा फॉर्म भरलेला नाही.

माझ्या वर्गातली काही मुलं दरवर्षी दहावीनंतर गॅरेज धरतात. घरचे खालमानेने सांगतात, "सर, पढाई में दिल नहीं लगा." आता मी त्यांना म्हणतो, उस्ताद नीट निवडा. आयटीआयला मोटर मेकॅनिकची जागा मिळाली तर तीही सोडू नका. ज्याला चार गोष्टींचा गुणाकार बोटांवर येतो आणि गिऱ्हाइकाच्या आईचा गुडघाही हिशेबात धरता येतो, तो माणूस अडाणी नाही. त्याचं हुनर हेही इल्मच आहे.