जंक्शनला राइट मारा

"जंक्शनला आला की राइट मारा, मग सरळच हाय." फोनवर एवढंच सांगणं. बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्णे ओलांडलं की अंथुर्ण्याच्या अलीकडे हे जंक्शन लागतं. गावाचं नावच तसं. पत्त्यावर लिहितात, जंक्शन, ता. इंदापूर. तिथं ना फलाट ना सिग्नल. टपऱ्या आहेत, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत, अख्खा रस्ता अडवून वळणारे उसाचे ट्रॅक्टर.

मी राइट मारला. जायचं होतं वालचंदनगरला. बराच वेळ गेला, पण दोन्ही बाजूंनी ऊस सोडून काही दिसेना. एका रानात एक म्हातारे दारं धरत होते. गाडी थांबवून वाट विचारली, जंक्शनला राइट मारल्याचं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. खोऱ्यानं माती ओढून भरलेल्या सरीचं तोंड बुजवलं, शेजारच्या सरीचं फोडलं, पाणी आत शिरलं तशी पाऊल टाकून कड दाबली. मग विचारलं, "आला कुठनं?"

"इंदापूरहून."

"मग! वाट सांगणाऱ्यानं बारामतीवरनं सांगितलंय."

डावा हात, जेवणाचा हात, मावळतीला, वरच्या अंगाला हे सगळं आपल्याकडे होतंच की. पण गाडीच्या चाकाला लेफ्ट-राइटच जुळतं. मारायचंही तेच, घ्यायचंही तेच. 'उजवं मारा' कोणी म्हणत नाही. माझी त्याला हरकत नाही. खोट एवढीच, की हे राइट ज्याच्या त्याच्या तोंडाबरोबर फिरतं. तोंड इंदापूरकडे तर राइटला नीरा नदी, तोंड बारामतीकडे तर पाठ फिरवल्यासारखी लेफ्टला.

याच मुलखात एक डावं मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांत कधी उजवं झालेलं नाही. नीरा डावा कालवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तो काढला, पुढे त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं मोठं धरण पुरं झालं, आणि बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस उभा राहिला. साहेबाच्या कागदावर तो 'लेफ्ट बँक'. गंमत बघा, आपला डावा हात लेफ्ट झाला, आणि त्याचा लेफ्ट आपल्या रानात येऊन डावा. पलीकडे फलटण-माळशिरसला जातो तो उजवा. हे डावं-उजवं तुमच्या-माझ्या हातावरून ठरत नाही. सह्याद्रीकडे पाठ करून, नदी जिकडे निघाली तिकडे तोंड करून उभं राहायचं. मग जो डावा हात, तो डावा. तुम्ही इंदापूरहून या, पुण्याहून या, पालखीबरोबर चालत या. नदीनं तोंड फिरवलेलं नाही, त्यामुळे कालव्यानंही नाव फिरवलेलं नाही.

तरी कालव्याच्या शेपटाकडचा माणूस म्हणेलच, की डावं-उजवं सगळं टेलला पाणी पोचल्यावर बोला.

"आता कसं जाऊ?" मी विचारलं. पुन्हा लेफ्ट-राइट ऐकायची तयारी होती.

म्हाताऱ्यांनी खोरं उचलून सरीकडे दाखवलं. "पाणी उतरतंय तिकडंच जावा. नदीच्या अंगाला. सडक आडवी येईल, ती वलांडा."

मी गाडी वळवेपर्यंत ते पुढच्या सरीवर गेलेही होते.