सुरगाण्याचा बाजार

गेल्या चैत्रांत लंडनहून माझीं नातवंडें पंधरा दिवसांच्या सुट्टीस नाशिकास आलीं होतीं. नात दहा वर्षांची, नातू सात वर्षांचा. मुलांना मराठी समजतें. परंतु बोलण्याचा प्रसंग येतांच इंग्रजीचा आश्रय घेतात. नातीनें एक वाक्य बोलावें, मीं त्यांतील लिंगवचन दुरुस्त करावें आणि पुढें तिनें मौन धरावें, असें चार दिवस चाललें. सूनबाई एकदां हळूच म्हणाल्या, "नाना, ती तुमच्यापुढें बोलायला भिते." मला तें लागलें, पण उभा जन्म वह्या तपासण्यांत गेलेला, संवय सुटत नाहीं.

आठवडे बाजाराचा दिवस साधून मी मुलांना घेऊन सुरगाण्यास गेलों. दिंडोरी, वणी, बोरगांव असा मार्ग आहे. वणीपर्यंत द्राक्षांचे मळे लागतात, पुढें डोंगर. सुरगाणा हें १९४८ पर्यंत एक चिमुकलें संस्थान होतें. १९६० सालीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां शेजारचें डांग गुजराथेंत गेलें आणि सुरगाणा सीमेवर राहिला.

बाजारांत नागली, वरई, खुरासणी, बांबूच्या टोपल्या व सुपें मांडलीं होतीं. सुकटीच्या रांगेवरून मी नाकास रुमाल लावून निघालों. नातू मात्र तेथेंच रेंगाळला!

एका झाडाखालीं एक वृद्ध कोकणा बाई मोहाचीं वाळलेलीं फुलें घेऊन बसली होती. मोह म्हणजे संस्कृतांतील मधूक. रघुवंशांत इंदुमतीच्या स्वयंवरांतही मधूकमाला आली आहे. हें मुलांना सांगावें म्हणून मी आरंभ करणार, तोंच नात बाईपुढें उकिडवी बसली व म्हणाली, "आजी, हा फूल खातात?"

'हें फूल' हे शब्द माझ्या ओठांवर आले. पण बाईचें उत्तर त्यापूर्वींच सुरू झालें होतें. तिच्या बोलींत गुजराथीची झांक होती. निम्मे शब्द मलाच लागेनात. ती बोली माझ्या व्याकरणांत बसत नव्हती. तिचें व्याकरण निराळें, आणि तें मीं कधीं शिकलेलों नाहीं. नातीचें मात्र कांहीं अडलें नाहीं. फुलें पहांटे गळतात, त्याआधीं झाडाखालची जागा स्वच्छ करावी लागते, वेंचलेलीं फुलें उन्हांत वाळवावयाचीं, पुढें बियांचें तेल निघतें, हें सारें तिनें विचारून काढलें. शब्द अडला तेथें हातवारे होते. बाईनें दोन फुलें तिच्या तळहातावर ठेविलीं. तीं चाखतांच ती ओरडली, "मनुका!"

मी भाव पाडून मागूं लागलों; ही दुसरी संवय. तशी नातीनें माझी बाही ओढली. लंडनच्या दुकानांत वस्तूवर किंमत लिहिलेली असते, तेथें घासाघीस नाहीं. तिला लाज वाटली असावी. बाई हंसली. भाव तिनें कमी केला नाहीं. पण मापटें शिगोशीग भरलें आणि वर एक मूठ नातवाच्या खिशांत टाकली.

परततांना वणीपर्यंत नात सारखी बोलत होती, आणि मराठींत. चुका मीं मोजल्या, चौदा भरल्या. एकही सांगितली नाहीं. घरीं सूनबाईंनीं पिशवी उघडून हें काय म्हणून विचारलें, तेव्हां ती माझ्यासमोरच म्हणाली, "हा फूल खातात, आई. आधी धुवायचा."

मी पंचांग चाळीत बसलों.