येऊरचा खजिना
जुलैतल्या एका रविवारी आम्ही कल्याणहून लोकलने ठाणे आणि तिथून बसने येऊर गाठलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. मुलांच्या हाती अब्बांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. पहिली: ‘मेंदीशिवाय तळहात रंगवणारं पान शोधा.’ सागाचं कोवळं पान चोळताच हात लाल झाले. शेवटची: ‘न बघता पाणी शोधा.’ सगळे गप्प उभे राहिलो आणि झाडीतून धबधब्याचा आवाज आला. पावसाळ्यात तिथे उतरायला मनाई असते. थोरला हट्टाला पेटला. “वर डोंगरात सर आली की खाली पाणी क्षणात चढतं, बेटा,” दादी म्हणाल्या. रस्त्यावरूनच पांढरी धार पाहिली, खिमा-रोटी खाल्ली, कचरा पिशवीत भरला. पुढच्या खेपेच्या चिठ्ठ्या थोरलाच लिहिणार आहे.