स्त्रीराज्याचे वारस

नवनाथ भक्तिसाराचे पारायण ज्या घरांत आणि देवळांत अद्याप चालते, तेथे स्त्रीराज्य ही केवळ कल्पिताची गोष्ट नव्हे. धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ साली, चाळीस अध्यायांचा तो ग्रंथ सिद्धीस नेला आणि तेव्हापासून मराठी भाविकांच्या मनात त्या देशाचा नकाशा पक्का होऊन बसला. त्या देशात पुरुष नाही. मारुतीरायाच्या भुभुःकाराने स्त्रियांस गर्भ राहतो. त्यातील पुत्र टिकत नाहीत, कन्या तेवढ्या जन्मास येतात. मच्छिंद्रनाथ तेथे जाऊन रमले आणि शिष्य गोरक्षनाथांनी मृदंगाच्या बोलांतून त्यांस जागे केले. १९३२ साली ‘प्रभात’ने ‘माया मच्छिंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा दुर्गाबाई खोटे त्या देशाची राणी झाल्या होत्या आणि गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ.

भाविक मनुष्य या कथेत माया आणि वैराग्य यांचा झगडा पाहतो, व ते योग्यच आहे. आम्हीही तो पाहतो. परंतु धंद्याने वकील असल्यामुळे आम्हांस एक वाईट खोड जडली आहे. कोणताही मुलूख दिसला की तेथील जमीन कोणाच्या नावे लागली आहे, राणी वारल्यावर गादी कोणास मिळते, आणि मुलगा जन्मलाच तर त्याचे काय करतात, हे प्रश्न मनात उभे राहतात. पुरुषावाचून समाज चालेल काय, असे कोणी विचारले की बहुतेकांच्या दृष्टीपुढे पाळणा येतो; आमच्यापुढे दस्तऐवज येतात.

जुने कथाकार या प्रश्नांत फारसे शिरले नाहीत. जैमिनीच्या अश्वमेधात अर्जुनाचा घोडा प्रमिलेच्या राज्यात शिरतो. श्रीधरस्वामींमुळे ही कथा मराठीत आणि लक्ष्मीशाच्या काव्यामुळे कानडीत घरोघर पोहोचली, म्हणून बेळगावकडील वाचकांस ती दोन्ही अंगांनी ठाऊक असेल. प्रमिला शूर आहे, तिच्यापुढे अर्जुनाचे बाण चालत नाहीत, आणि शेवटी ती काय करते? अर्जुनाशी विवाह करते. नाथकथेतील राणीही मारुतीसाठी तप करते आणि मारुती आपल्या जागी मच्छिंद्रनाथांस पाठवितो. पुरुषाविण राज्य रचावयाचे आणि राणीस पुरुषासाठी झुरावयास लावावयाचे, ही कथाकाराची हौस आहे. कथाकार पुरुष होते, एवढेच म्हणून पुढे जातो. महाभारताच्या शांतिपर्वात कलिंगकन्येच्या स्वयंवरास जमलेल्या राजांच्या यादीत स्त्रीराज्याचा अधिपती म्हणून शृगाल नावाच्या राजाचा उल्लेख येतो. स्त्रीराज्याचे वकीलपत्रदेखील पुरुषाच्याच नावे! सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ह्युएनत्संगाने हिमालयापलीकडच्या सुवर्णगोत्र देशाची हकीकत लिहून ठेविली आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या बायकांची सत्ता, राणीचा नवरा नावाचा राजा, आणि बाकीचे पुरुष लढाया करतात व शेत पेरतात. हे राज्य स्त्रियांचे खरे, पण पुरुषांवाचूनचे नव्हे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

ग्रीकांनी त्या मानाने अधिक तपशील दिला. ॲमेझॉन स्त्रिया वसंतात दोन महिने शेजारच्या गार्गारी पुरुषांस डोंगरावर भेटत, मुली आपल्याजवळ ठेवीत आणि मुलगे त्यांच्याकडे धाडीत, असे स्ट्रॅबो ऐकीव म्हणून सांगतो. सांगून झाल्यावर, पुरुषांवाचून बायकांचे सैन्य वा नगर उभे राहील हे कोणास खरे वाटेल, असा आक्षेपही तोच घेतो. आम्हांस आक्षेपापेक्षा तो करार अधिक मोलाचा वाटतो. स्त्रीराज्य शक्य व्हावयाचे तर शेजारी एक पुरुषराज्य हवे आणि दोघांमध्ये मुलांच्या वाटणीचा तह हवा, इतके त्या जुन्या माणसांस कळले होते.

अमेरिकेतील शार्लट पर्किन्स गिलमन या बाईंनी तो तहही काढून टाकला. त्यांची ‘हरलँड’ ही कादंबरी १९१५ साली त्यांच्याच मासिकातून क्रमशः आली. पुस्तकरूपाने मात्र ती १९७९ पर्यंत निघाली नाही. डोंगराने कोंडलेल्या एका देशातील पुरुष दोन हजार वर्षांपूर्वी नाहीसे होतात, एका स्त्रीस आपोआप अपत्यसंभव होऊन पाच मुली होतात, त्या पाचींस पाच-पाच. आम्ही कागदावर गुणाकार करून पाहिला. पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे असे जाता नवव्या पिढीस एकोणीस लक्ष त्रेपन्न हजार आणि दहाव्या पिढीस सत्त्याण्णव लक्षांच्या वर संख्या जाते. म्हणजे तीनशे वर्षे पुरी होण्याच्या आत देश भरून वाहावयाचा. लेखिकेसही हे दिसले होते. म्हणून तेथील बायका संतती एकीवर आणतात आणि लोकसंख्या तीस लक्षांच्या आसपास राखतात. हिशेब चोख आहे. पण सगळा देश एकाच मातेच्या रक्ताचा! एकाच बियाण्याच्या शेतावर एकदा रोग पडला म्हणजे काय होते, हे कोणताही शेतकरी सांगेल.

निसर्गात याला दाखला अगदीच नाही असे नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत सरड्यांच्या काही जाती अशा आहेत की त्यांत नर मुळीच नाही. माद्याच माद्यांस जन्म देतात. कोमोडोच्या प्रचंड घोरपडीची मादी नराविना अंडी उबविते हे २००६ साली उघड झाले. पण तिची तशी पिल्ले नर निघतात, तेव्हा स्त्रीराज्यास त्यांचा उपयोग शून्य. सस्तन प्राण्यांत तर मातेकडून आलेल्या आणि पित्याकडून आलेल्या बीजावर वेगवेगळी खूण असते आणि दोन्ही खुणांवाचून गर्भ वाढत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ साली ती अडचण ओलांडून दोन मातांची उंदरी वाढविली आणि बांबूत सापडलेल्या कथेतील कन्येवरून तिचे नाव कागुया ठेविले. शेकडो खटपटींतून एक उंदरी. तेव्हा पाळण्याचा प्रश्न आज सुटलेला नाही, पण तो कायमचा न सुटणारा आहे, असेही कोणी शपथेवर सांगू नये.

आमच्या मते अडचण पाळण्याची नाही. पुरुषांवाचून कामे होतील काय, ही शंका तर आम्हांस हास्यास्पद वाटते. केडगावास पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात छापखाना बायकाच चालवीत आणि बाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. धर्मांतराचा वाद क्षणभर बाजूस ठेविला तरी खिळे जुळविणारे ते हात नाकारता येत नाहीत. जुन्या गोव्यातील सांता मोनिकाचा मठ १६०६ साली स्थापन झाला आणि दोन शतकांवर तेथे जोगिणींचा संसार नांदला. त्यांचा अंत बाळंतपणावाचून झाला नाही, तो कायद्याने झाला. १८३४ साली पोर्तुगालने धर्मसंघ मोडले, नव्या मुली घेण्यास बंदी झाली आणि उरलेल्या एकेक करीत वारल्या. नवी माणसे बाहेरून येत राहिली तर केवळ बायकांचा समाज शतकानुशतके टिकतो. ॲथॉस पर्वतावर केवळ पुरुषांचा हजार वर्षे टिकला आहेच. केनयात उमोजा नावाचे गाव १९९० साली काही सांबुरू बायकांनी वसविले. अत्याचार सोसून, घरातून हाकलल्या गेलेल्या त्या बायका मण्यांच्या माळा विकून राहू लागल्या. तेथे पुरुषास वस्ती नाही. पोटचे मुलगे असतात, पण वयात आल्यावर त्यांनी गाव सोडावयाचे. पुन्हा तोच ॲमेझॉनांचा तह! त्यांचा मोठा झगडा मात्र पायाखालची जमीन स्वतःच्या नावे करण्याचा होता.

रुकैया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या १९०५ च्या कथेत पुरुषांस जनानखान्यासारखे मर्दानखान्यात कोंडले आहे आणि त्यामुळे देशात गुन्हाच उरला नाही. पोलीस नको, न्यायाधीश नको. हे वाचून आम्ही किंचित बिथरलो हे कबूल केले पाहिजे. पण ती कथा फौजदारीपुरती खरी असेल. दिवाणी दावे संपतील यावर आमचा विश्वास नाही. दोन बहिणींच्या वाटणीचे कज्जे आम्ही चालविले आहेत.

आणि दिवाणीचा प्रश्न निघालाच आहे तर दूर केनयास जाण्याचे कारण नाही. आपल्या देवळांच्या पायऱ्यांशी बायकांची घरे होतीच. आजी, आई, लेक, नात. घराणे मातेचे, नाव मातेचे, इस्टेट लेकीकडे. पुरुष यजमान म्हणून बाहेरून येई आणि बाहेर जाई. मुलगे घरात असत, पण वंश त्यांच्यावरून मोजीत नसत. गाणे त्या घरांनी सांभाळले, देवापुढची सेवा त्यांनी केली, आणि त्यांचा संसार ज्या मर्जीवर चाले ती देवळाच्या कारभाऱ्यांची होती. त्यास कोणी स्त्रीराज्य म्हटले नाही. म्हणण्यासारखे ते सुखाचेही नव्हते. १८८० साली मुंबई उच्च न्यायालयापुढे मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण हा दावा आला. नायकिणीने मुलगी दत्तक घ्यावी ही त्या घरांतील रीत. तीवाचून घराणे पुढे चालतच नाही. न्यायालयाने ते दत्तक मानले नाही. रीत अनीतीची ठरली. मद्रासेकडील न्यायाधीशांनी काही वर्षांनी तशाच प्रकरणी थोडी निराळी वाट धरली, मुलीस त्या धंद्यास लावण्याचा हेतू नसेल तर दत्तक मान्य केले. त्या मुलींस ज्या धंद्यातून सोडवावयास हवे होते त्याविषयी आमचे दुमत नाही. पण आजीने साठविलेले घर लेकीने कोणत्या हक्काने राखावे, याचे उत्तर निकालात नव्हते. आणि यजमानाकडे बोट दाखविणारे कलम त्या निकालात आम्हांस सापडले नाही.

म्हणून कोणी ‘बायकांचा समाज संभवतो काय’ असे विचारले की आम्ही उलट प्रश्न करतो. आमच्या गोमंतकात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेने मुलीस मुलाइतकाच वाटा दिला आणि तिच्या जागी आलेल्या २०१२ च्या वारसा कायद्याने तो राखला. बापाच्या घरात, कुळागरात, बँकेच्या ठेवीत ती सरळ वारस. परंतु आमच्या ओळखीच्या बहुतेक देवस्थानांत महाजनकी बापाकडून मुलाकडे जाते. गावकरीच्या जोणाचीही तीच रीत. नोंदवहीची पाने उलटावी तर पिढ्यामागून पिढ्या केवळ पुरुषांची नावे, जणू तेथे आया कधी नव्हत्याच. नवनाथांच्या कथेस जे शहाणे हसतात त्यांस ही वही कधी असंभाव्य वाटलेली आम्ही पाहिली नाही.

गेल्या वर्षी एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, एकुलती एक मुलगी आहे, आमच्यामागे पालखीचा मान कोणाचा? घराचे कागद आम्ही त्यांस एका दिवसात करून दिले. पालखीसाठी त्यांनी देवस्थानाच्या समितीस अर्ज करावा असे सुचविले. अर्ज गेला आहे. सर्वसाधारण सभा पुढील महिन्यात आहे, आणि त्या दिवशी महाप्रसादाचा स्वयंपाक नेहमीप्रमाणे बायका करणार आहेत.