वाटी, नळी आणि ठमी

१२ जून २०२३, सोमवार

दत्तकासाठीच्या ‘कारा’च्या सरकारी यादीत आमचा क्रमांक आता इतका वर सरकलाय की मोबाइलवर मेसेज वाजला तरी धस्स होतं. नोंदणी करून तीन वर्षं उलटून गेली. आता केव्हाही.

आज डॉक्टरांकडे मनातलं एकदाचं बोलून टाकलं. मला बाळाला अंगावर पाजायचंय. त्या हसल्या नाहीत, हेच आधी लिहून ठेवते. म्हणाल्या, दूध यायला बाळंतपण व्हायलाच हवं असं नाही. पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन सुटतं, त्याने दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. या दोन्हींना जाग येते ती मुख्यतः चोखण्याने. गरोदरपणात स्तनांची जी आतून बांधणी होते ती माझी झालेली नाही, एवढाच फरक. म्हणून कॅनडातल्या न्यूमन-गोल्डफार्ब पद्धतीत काही महिने आधी गर्भनिरोधक गोळ्या देऊन शरीराला दिवस गेल्याचा भास करून देतात, मग गोळ्या थांबवून पंप लावतात. ही रीत सरोगसीला सोयीची, कारण तिथे तारीख ठाऊक असते. आम्हाला तारीख कोण देणार? मेसेज येणार आणि ४८ तासांत बाळ राखून ठेवायचं.

तेव्हा माझ्यासाठी नुसता पंप आणि डॉम्पेरिडोन. ही उलटीवरची साधी गोळी. तिने दूध वाढतं तो खरं तर तिचा दुष्परिणाम. पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, अमेरिकेच्या एफडीएने २००४ सालीच तसं बजावलंय. म्हणून आधी ईसीजी, मग दिवसातून तीनदा १० मिलिग्रॅम. माझा ईसीजी नीट निघाला.

‘किती येईल?’ विचारलं. ‘काही जणींना थेंब, काहींना बाळाच्या भुकेच्या पाव-निम्मं. पोटभर फार थोड्या जणींना. वरचं दूध लागणारच असं धरूनच चला.’ आयव्हीएफच्या फेऱ्यांत इतकं सरळ कुणीच बोललं नव्हतं.

२९ जून, आषाढी

पंप दर तीन तासांनी. रात्रीचा चुकवायचा नाही, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. बाटल्या कोरड्या ठणठणीत. ऑफिसात छोटी मीटिंग रूम आतून कडी लावून वापरते. एकीने विचारलं, ‘बाळ कितीचं झालं गं?’ म्हटलं, अजून आलं नाही. बिचारी गप्पच झाली.

सासूबाईंना सांगायचं मी टाळत होते. त्यांनीच पंप धुताना पाहिलं. मला वाटलं, आता ‘हे काय नवीन खूळ’ होणार. त्यांनी उपासाची भगर ढवळता ढवळता म्हशीची गोष्ट काढली. माण तालुक्यातलं त्यांचं माहेर. रेडकू दगावलं की तिथे दुसरीचं रेडकू आणून लावायचे. म्हैस पहिले दोन दिवस लाथा झाडायची, मग हुंगायची, चाटायची आणि सोडायची पान्हा. ‘जनावराला जमतं, तुला न जमायला काय झालं?’

संध्याकाळी अळीव भिजत घातलेले दिसले. अळिवाच्या लाडवांनी दूध वाढतं याला डॉक्टरांकडे पुरावा नाही, लोह मात्र भरपूर. मी ते निव्वळ चवीसाठी खाते. बाळंतिणीचा खुराक बाळंतपणाशिवाय मिळतोय, नाही कशाला म्हणा.

६ जुलै

डाव्या बाजूला थेंब. चिकट, पिवळट. नवऱ्याला हाक मारून दाखवला. तो चष्मा आणायला गेला तोवर वाळला.

१४ जुलै

मेसेज. मुलगी, जन्म मार्चचा, मराठवाड्यातल्या एका संस्थेत आहे. फोटो, वैद्यकीय अहवाल, बालअभ्यास अहवाल. राखून ठेवायला आम्ही ४८ मिनिटंही घेतली नाहीत.

चार महिन्यांची होऊन का येते, हे रात्री आत्याबाईंना फोनवर समजावत बसले. जन्मदात्या आईने स्वतः मूल सोपवलं तर तिला मन बदलायला ६० दिवस असतात, आणि ते असायलाच हवेत. सापडलेलं मूल असेल तर बालकल्याण समिती आधी आईवडिलांचा शोध घेते. त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळं ठरतं, मग पोर्टल, मग आम्ही. दवाखान्यातून थेट कुशीत, हे सिनेमात.

साठ दिवस कुणीतरी विचार केला असेल. मला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नाही आणि ते विचारायचा मला हक्कही नाही.

२१ जुलै

आणली! गाडीत सगळा वेळ झोपली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि त्याच दमात नाव ठेवलं, ठमी. खरं नाव बारशाला.

संस्थेतल्या ताईंनी बजावून सांगितलं, ‘बाटलीच्या बुचाला हे भोक असंच लागतं, बारीक असलं तर चिडते. आणि डाव्या कुशीवर झोपवा.’ चार महिने त्यांनीच सांभाळली. निरोप देताना त्या ठमीकडे बघत नव्हत्या.

२४ जुलै

नाही म्हणजे नाही. छातीशी घेतलं की मान फिरवते, कमान करते, किंचाळते. डॉक्टरांनी कल्पना दिली होती. आठ-दहा आठवड्यांच्या आतलं बाळ पटकन धरतं. मोठं झालेलं बाळ, त्यात बाटलीची सवय, म्हणजे त्याचंही मत तयार झालेलं असतं. आणि तिच्या बाजूने बघायला गेलं तर बरोबरच आहे. घर नवं, वास नवा, आणि आता जेवणही नव्या ठिकाणी? भुकेच्या वेळी जबरदस्ती करायची नाही, झोपेत गुंगलेली असताना नुसतं उघड्या अंगाशी धरायचं, असं ठरलंय. बाटली चालू. तोपर्यंत बाळाचं पोट ते बाळाचं पोट.

रात्री फॉर्म्युलाचा डबा वाचत बसले. आईचं दूध सर्वोत्तम, असं त्यावर छापावं लागतं. १९९२ चा कायदा आहे आणि चांगला आहे. कंपन्यांनी आयांना काय काय सांगितलं होतं ते आठवलं तर तो हवाच. तरी रात्री अडीचला तीच ओळ वाचताना डबा फेकावासा वाटला.

१ ऑगस्ट

जागतिक स्तनपान सप्ताह सुरू. यंदाचा विषय नोकरी करणाऱ्या पालकांचा आहे. ऑफिसातून मेल आला, गुलाबी चित्राचा. त्याच दिवशी दुसरा मेल : माझा रजेचा अर्ज नामंजूर.

हे नीट मांडून ठेवते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवडे झाली. त्याच दुरुस्तीने दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता वर लिहिलंय ते परत वाचावं. दोन महिने कायद्याने जाणार, पुढे समितीचा आदेश, अहवाल, पोर्टल, प्रवास. तीन महिन्यांच्या आत मूल मिळणार कुणाला? एका कायद्याने दिलेली रजा दुसऱ्या कायद्याने आधीच संपलेली असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. तिथे एक वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतलं तर १८० दिवस. खासगी नोकरीतलं बाळ लवकर मोठं होतं असं दिसतं.

साठवलेली रजा, मग बिनपगारी. ऑफिसचं म्हणणं, आम्ही नियमानेच वागतोय. वागतायत. तोच तर वैताग आहे.

९ ऑगस्ट

आज पुष्कळ लिहायचंय.

डॉक्टरांनी दावणगेऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांची पद्धत दाखवली. जन्म न दिलेल्या बायकांना दूध आणण्याचे त्यांचे अनुभव १९९३ साली छापून आलेत. म्हणजे आपल्या शेजारी, दावणगेऱ्यात, हे तीस वर्षांपूर्वीच करून झालंय, आणि मी परदेशी व्हिडिओ पाहत बसले होते. पद्धत इतकी साधी की यंत्र म्हणावं असं काही नाही. ड्रॉपरने स्तनावर दूध थेंबथेंब सोडायचं, ते ओघळत टोकाशी जातं. बाळ चाटतं, मग ओढतं. दूध मिळतंय म्हटल्यावर सोडत नाही.

तीन दिवस ड्रॉपरचा चिखल झाला. माझे कपडे, ठमीचे कान, चादर. सासूबाई वरून दूध सोडणार, मी धरणार, हा नॅपकिन घेऊन उभा. मग आज नळी लावली. औषधाच्या दुकानात मिळते ती इन्फंट फीडिंग ट्यूब, पाच नंबरची. एक टोक वाटीतल्या दुधात, दुसरं मायक्रोपोरच्या पट्टीने स्तनाग्राशी चिकटवलेलं. बाळाने ओढलं की वाटीतलं दूधही येतं आणि माझं जे काही असेल तेही. वाटी वर धरली तर धार जोरात, खाली धरली की तिला मेहनत. हळूहळू वाटी खाली न्यायची. परदेशात याच कामाची गळ्यात अडकवायची तयार बाटली मिळते. आमची स्टीलची वाटी, तिला चिमटा लावून नळी अडकवलेली.

सकाळी सात वाजता तिने धरलं. नीट, मोठा आ करून. गालाचा स्नायू हलतो, मग कानाशी हलतो, मग गिळल्याचा आवाज. नळीतून दूध चढताना दिसत होतं. वाटीतलं संपलं तरी ती ओढत राहिली.

मला रडू वगैरे आलं नाही. दुखलं. खूपच दुखलं, कारण ती ताकदीने ओढते आणि पंपाची सवय म्हणजे काही सवय नव्हे. दुपारी परत धरलं. संध्याकाळी नाही धरलं, बाटलीच मागितली. दिली.

सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी बोंडल्याने पाजायचे, आता नळी आली, पोर तेच.

२७ ऑगस्ट, सातारा

लग्नाला निघालो होतो. एसटी स्टँडवर ठमीने भोकाड पसरलं. हिरकणी कक्षात गेले. आत दोघी बाळंतिणी आणि एक आजी. मी वाटी काढली, नळी काढली, पट्टी चिकटवली. आजी टक लावून पाहत होत्या.

‘दूध कमी हाय व्हय?’

‘दत्तक घेतलीय. नळीने पाजते.’

‘मंग अंगाला कशाला लावतीस? बाटलीनं दे की.’

हा प्रश्न शिकलेल्यांनीही विचारलाय, फक्त घुमवून. उत्तर मला अजून एका वाक्यात देता येत नाही. बाटलीने वाढलेली मुलं आईची नसतात का? माझी धाकटी बहीण पूर्ण वरच्या दुधावर वाढली, आणि आईशिवाय तिचं पान हलत नाही. दुधाने आई ठरत नाही. पण दिवसातून पाच-सहा वेळा हे पोर अर्धा-अर्धा तास माझ्या अंगाशी डोळ्यांत बघत पडून राहतं. संस्थेत सगळं नीट झालं असलं तरी हे तिला तिथे मिळालं नसणार. मला ते द्यायचंय. ज्या दिवशी ती नको म्हणेल त्या दिवशी बंद.

दुसरी तऱ्हा यशोदेची. ‘अगदी यशोदा आहेस गं’ म्हणून पाया पडायच्या बेतात येतात. त्यांना सांगते, यशोदेला ईसीजी काढावा लागला नव्हता.

१४ सप्टेंबर, पिठोरी अमावस्या

आपला मातृदिन. सासूबाई दरवर्षी करतात. खीर-पुरीचं वाण डोक्यावर घेऊन ‘अतीत कोण?’ विचारायचं आणि मुलाने मागून ‘मी’ म्हणायचं. यंदा त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, ‘पोटच्या मुलांसाठी असतं ना हे?’ सासूबाईंनी ऐकलं. ‘माझी दोन पोटची मुलं परदेशात, उत्तर द्यायला ती इथे नाहीत. हिची मागे बसलीय.’ ठमीने वेळेवर किंचाळून घेतलं. चाललं.

९ ऑक्टोबर

हिशेब मागणाऱ्यांसाठी. पंपाने दिवसभरात साधारण १५० मिलिलिटर निघतं. तिला आता सातशेच्या आसपास लागतं, शिवाय सहा महिने पूर्ण झाल्याने भाताची पेज आणि मुगाचं कढण सुरू झालंय. म्हणजे मी पाचवा हिस्सा. बाळंतिणीला सुरुवातीला येणारं कोवळं चिकाचं दूध असं दूध आणलेल्या बायकांना बहुधा येत नाही, पुढचं दूध मात्र साधारण इतर आयांसारखंच असतं. डॉम्पेरिडोन हळूहळू कमी करतोय, एकदम बंद करायची नाही. पुन्हा काढलेला ईसीजी नीट. वजन वाढतंय.

२२ नोव्हेंबर

जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश हातात आला. पूर्वी यासाठी न्यायालयात जावं लागायचं. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आलेत. आता जन्मदाखला आमच्या नावाने निघेल.

३ डिसेंबर

संस्थेच्या ताईंनी एका जोडप्याला माझा नंबर दिला. बाई सांगलीची, यादीत माझ्यासारखीच शेवटच्या टप्प्यात. तिला फोनवर सांगितलं ते इथे उतरवते, दुसरी कुणी विचारेल तेव्हा हेच पान पाठवता येईल.

गृहभेटीचा अहवाल झाला की डॉक्टरांना गाठा, मेसेजची वाट पाहू नका. मात्र यादी लांब असेल तर वर्षभर पंप ओढू नका, शेवटच्या काही महिन्यांतच सुरू करा. डॉम्पेरिडोन दुकानातून मनाने घेऊ नका, ईसीजी आणि चालू असलेली औषधं दाखवल्याशिवाय तर नाहीच. रजेचा अर्ज आधीच द्या, नकार लेखी घ्या. बाळ तीन-चार महिन्यांचं असेल तर आल्या आल्या बाटली काढून घेऊ नका. नळी रोज साबणाच्या कोमट पाण्याने, सिरिंजने आतून धुवा आणि थोड्या दिवसांनी बदला. थेंबही आला नाही तरी नळीने अंगाशी पाजता येतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि वजन दर आठवड्याला करा. घरी काटा नसला तर अंगणवाडीत असतो.