सम आणि विषम ओळी

ऑनलाइन अर्जाच्या पानावर गाव निवडण्यासाठी उघडणारी यादी ही दिसायला अत्यंत सामान्य वस्तू. तथापि डोंगरी मुलखातील गावांची नावे एकाखाली एक लागली, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेची ती कसोटी पाहते, हे असली पाने घडविता घडविता माझ्या मनात दृढ झाले आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या आसमंतातील गावेच घ्या: उडदावणे, कोलटेंभे, घाटघर, पांजरे, मुतखेल, मुरशेत, रतनवाडी, शेंडी, साम्रद. अकारविल्हे लावताच मुतखेल आणि मुरशेत लागोपाठ येतात. आद्याक्षर तेच, त्याखालचा उकार तोच, लांबीही जवळपास तेवढीच. आणि अर्ज भलत्याच मौज्याच्या नावे दाखल होण्यास एवढे साम्य पुरेसे असते.

सबब एकाआड एक ओळीला मी फिकट निळी पार्श्वभूमी देतो. कचेऱ्यांतून पूर्वी संगणकाचे तक्ते ज्या अखंड कागदावर छापून निघत, त्यावरील फिक्या हिरव्या आडव्या पट्ट्यांमागे हाच विचार होता. परंतु यादीतल्या पट्ट्यांचा खरा उपयोग मला उमगला तो सेवा केंद्रात बसून. तिथे पडदा एकटा चालक वाचत नाही. मेजापलीकडून, तिरप्या नजरेने, अर्जदारही वाचत असतो. "बाळा, निळ्यावरचं नको, त्याच्या खालचं, पांढऱ्यावरचं आमचं गाव," असे एक आजीबाई चालकाला सांगत होत्या. ओळीला रंग मिळाला की तिच्याकडे अंगुलिनिर्देश करण्याची सोय होते, आणि ही सोय मला शोभेहून कितीतरी मोलाची वाटते.

रंग मात्र इतकाच असावा की काळे अक्षर दोन्ही पट्ट्यांवर सारखेच ठळक उठावे आणि निवडलेली ओळ त्या दोहोंहून स्पष्ट वेगळी दिसावी. ओळीची उंचीही देवनागरीच्या मानाने राखावी लागते. रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या ओळीत 'मु'चा उकार खालच्या पट्टीला जाऊन भिडतो.

या पट्ट्या उमटविणारा प्रत्यक्ष नियम एका ओळीचा: 'ऑप्शन'पुढे 'एन्थ-चाइल्ड' आणि कंसात 'ईव्हन', म्हणजे सम क्रमांकाची प्रत्येक ओळ. २०११ साली प्रमाणित झालेल्या या नियमाची हुकमत सर्वत्र चालत नाही. साध्या 'सिलेक्ट'ची उघडलेली यादी पुष्कळदा ब्राउझर नव्हे, तर यंत्राची मूळ प्रणाली रेखाटते. मॅकवरील सफारी हे रंग मानीत नाही, आणि मोबाइल आपलीच निवडपट्टी पुढे करतो. मोबाइलवर ती तशीच राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; माणसाचा अंगठा तिला सरावलेला असतो.

केंद्रातल्या मोठ्या पडद्यासाठी स्वतंत्र यादी रचली, की दुसरीच अडचण उभी राहते. चालकाने शोधाच्या चौकटीत 'शे' टंकले, मुरशेत आणि शेंडी उरून बाकीची गावे दडली, तरी 'एन्थ-चाइल्ड' दडलेल्या ओळीही मोजीत राहतो. परिणामी, दोन निळ्या ओळी एकमेकींना चिकटतात आणि नेमके जिथे वेगळेपण हवे, तिथेच ते नाहीसे होते. २०२३पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत कंसामध्ये 'ऑफ' लिहून त्यापुढे दृश्य ओळींची खूण देता येते. मग मोजणी दिसणाऱ्या गावांपुरतीच होते, आणि मुरशेत पांढऱ्यावर, तर शेंडी निळ्यावर येते.