यंदा पापड उल्हासनगरचे!

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की पापड, कुरडया, त्यात मुलांच्या परीक्षा आणि पाहुणे. डोकं नुसतं भणभणतं. यंदा निदान पापड तरी उल्हासनगरवर सोपवून टाका! फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींतून राहिली. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, तरी पत्त्यात अजून ‘कॅम्प नंबर’ असतोच. पापड लाटून तिथं कितीतरी बायकांनी संसार सावरले. मिऱ्याचा सिंधी पापड आपल्याहून वेगळा खरा, पण सासूबाईसुद्धा दुसरा मागून घेतील.

खरेदी आटोपून लगेच परतू नका. पुढचंच स्टेशन अंबरनाथ. वालधुनीकाठचं शिवमंदिर पाहा. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, आत छान गारवा असतो. इथल्या १०६० च्या शिलालेखात शिलाहार राजा मम्मुणीबरोबर त्याच्या अमात्य-प्रधानांचीही नावं आहेत. राजालासुद्धा हाताखाली माणसं लागत, मग आपणच का सगळं ओढायचं?

त्यापुढे बदलापूर. पावसाच्या तोंडावर गेलात तर टपोरी जांभळं मिळतील. उशीर होईल म्हणून जीव खालीवर करू नका. निघतानाच यजमानांना सांगून ठेवा, कुकरमध्ये डाळीला पाणी किती घालायचं ते.